रोडायलंडची दोन मतं

आमच्या शेजारच्या आबा गोंधळेकरांचं मांजर केंद्र सरकारचं होतं. तीन चुलींवर फिरून दूध पिणारं जनावर एका घटकाच्या ताब्यात राहू शकत नाही, असा आबांनी रीतसर निर्णय दिला होता. विहीर केंद्राची, देवघर केंद्राचं, चुली घटकांच्या. फणस कोणी उतरवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो ज्याच्या दारात त्याचा. "जे लिहिलं नाही ते घटकांचं," हे आबांचं पालुपद होतं. आडनाव गोंधळेकर असलेल्या माणसाला नियमांचं एवढं वेड का असावं, हे आमच्या आळीला कधी कळलं नाही.

आबा रत्नागिरीच्या कोर्टात कारकून होते. एक साहेब बदलून गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात आबांनी एक खुर्ची घेतली. तिचा एक पाय आखूड होता, म्हणून साहेबाने त्याखाली एक जाड पुस्तक सारलेलं होतं. ते खुर्चीबरोबर फुकट आलं. अमेरिकेची राज्यघटना, टीकेसकट. खुर्ची जन्मभर डुगडुगत राहिली, पुस्तक मात्र आबांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि त्याबरहुकूम घराची घटना लिहून काढली.

घरात चार घटक. थोरले आबा स्वतः, विधुर, आपला भात आपण लावणारे. मधले नाना, त्यांच्या घरात खाणारी तोंडं अकरा. धाकटे बापू मुंबईला नोकरीला, मे महिन्यात येणारे. आणि चौथा घटक म्हणजे द्वारकावहिनी. या तिघांचा दिनू नावाचा आणखी एक भाऊ तापाने गेला, त्याची ही बायको. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि तेव्हापासून माजघरामागच्या खोलीत एकटी राहत होती.

तिच्या खोलीला आबा 'रोडायलंड' म्हणत. अमेरिकेतलं सगळ्यांत लहान राज्य. पण द्वारकावहिनी अंगाने काडी, त्यामुळे आळीत भलताच समज झाला. "रोड आहे बिचारी, पण म्हणून मोठ्या दिराने तसं म्हणायचं?" असं माझी बायको कितीतरी वर्षं चिडून विचारत होती.

खरा वाद मतांचा होता. प्रत्येक घटकाला दोन मतं. नाना म्हणायचे, "आमच्यात अकरा माणसं नि दोन मतं. तिच्यात एक माणूस नि दोन मतं. हा कुठला न्याय?"

"न्यूयॉर्कला दोन, रोडायलंडला दोन. सिनेटात डोकी मोजत नाहीत," आबा म्हणायचे.

दर महिन्याच्या एक तारखेला पडवीत सभा भरे. द्वारकावहिनी थोरल्या दिरासमोर बोलत नसे, तशी रीतच नव्हती. ती दाराआड पळी घेऊन उभी राही. ठराव मान्य असला तर दाराच्या फळीवर पळीने दोनदा टक टक. नसला तर गप्प. सभा संपली की आमटीची एक वाटी मुकाट्याने उंबऱ्यावर येई. आबा तिला आंतरराज्य व्यापार म्हणत आणि बोटं चाटून संपवत.

मी सर्वोच्च न्यायालय होतो. न्यायालय घरापासून स्वतंत्र हवं, आणि आमच्या दोन घरांमध्ये दगडी गडगा होता, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. तहहयात. वेतन वर्षाला दोन फणस.

एका मे महिन्यात नानांनी वाटणीचा विषय काढला. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, जागा पुरत नव्हती. "मी आपला फुटून निघतो," ते म्हणाले.

"फुटता येत नाही. तिकडे अमेरिकेत त्यापायी लढाई झाली," आबा म्हणाले. "घटना बदला. चारांतले तीन घटक लागतील."

नाना कोर्टात गेले असते तर त्यांना वाटा मिळालाच असता, हे कोर्टातल्या कारकुनाला काय सांगायचं. पण घराची अब्रू चव्हाट्यावर नको म्हणून नाना सभेला कबूल झाले. वाटणी झाली तर द्वारकावहिनीला त्या वेळच्या कायद्याने घरात वाटा नव्हता. पोटगी घ्यायची आणि मंडणगडला भावाच्या दारात जाऊन पडायचं.

सभेत नाना आणि बापू वाटणीच्या बाजूचे, आबा विरुद्ध. राहिलं रोडायलंड. नानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "जिला वाटा नाही तिला मत कसलं? न्यायालयाने सांगावं."

मी खाकरलो आणि निकाल दिला, "मत आहे." आयुष्यात मी दिलेला तो एकच खरा निकाल. कोर्टात साहेबापुढे लववत तशी मान आबांनी माझ्यापुढे लववली. मग त्यांनी ठराव वाचला आणि दाराकडे तोंड करून निश्चिंत बसले.

टक. टक.

नानांनाही क्षणभर कळेना. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठराव मंजूर," म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. त्या दिवशी उंबऱ्यावर वाटी आली नाही.

माझ्या बायकोने दुसऱ्या दिवशी गडग्यावरून तिला विचारलं. ती म्हणाली, "माझ्यापायी भाऊ भावाशी बोलत नाहीत. दाराआड उभी राहून ऐकत्येच ना मी सगळं. मी गेल्ये म्हणजे मिटेल." आठवड्याने ती आगबोटीने गेली. पळी दाराआडच्या खुंटीला अडकवून गेली.

ते दुःख आबांनी एकदाच बोलून दाखवलं. "दिनू गेला त्याच वर्षी ते पुस्तक हाती आलं. लहानाला मोठ्याएवढं कुठे धरतात, तेवढंच मी त्यात शोधत होतो. सापडलं. तिला मत दिलं मी, नि तिने ते असं वापरलं." आणि ते मत राखणारा निकाल माझा होता.

भाद्रपदात मंडणगडहून कार्ड आलं. द्वारकावहिनी तापाने गेली होती. आबांनी अंघोळ केली.

पुढच्या एक तारखेला मला बोलावणं आलं. पडवीत आबा, मांजर आणि डुगडुगती खुर्ची. द्वारकावहिनीची खोली आबांच्या वाट्याला आली होती, आणि नानांनी ती भाताची कणगी ठेवायला मागितली होती. आबांनी तसा ठराव वाचला आणि दाराकडे तोंड करून बसले.

"आबा," मी म्हणालो, "आता कोण मत देणार?"

"पुस्तकात आहे," आबा म्हणाले. "पहिल्या सभेला रोडायलंड आलंच नव्हतं. बाकी बारा राज्यांच्या सह्या झाल्या, हे घरी बसलं. सगळ्यांत शेवटी आलं."

"मग?"

"मग काय. थांबायचं."

उघड्या दारातून खुंटीवरची पळी दिसत होती. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि त्यांच्याबरोबर थांबलो.