चुरीकाकांनी मशीन निवडलं

आमच्या सोसायटीतले चुरीकाका दुकानात वस्तू घ्यायला जात नाहीत, वस्तूची परीक्षा घ्यायला जातात. हॉलसाठी पंखा घ्यायचा होता तेव्हा ते दुकानातल्या चालू पंख्याखाली खुर्ची ओढून बसले. दुकानदाराला वाटलं, म्हातारे गृहस्थ आहेत, उन्हातून आले असतील. त्याने पाणी दिलं. थोड्या वेळाने काकांचा डोळा लागला. तासाभराने उठले, चष्मा चढवला आणि म्हणाले, ‘‘रिजेक्ट.’’

‘‘का हो? काय बिघडलं पंख्याचं?’’

‘‘पंखा उत्तम आहे, पण झोप आणतो. हॉलमध्ये मला जागं राहायचंय.’’

हा किस्सा मला दुकानदारानेच सांगितला, आणि तेही काहीशा अभिमानाने.

काका मूळचे इथल्याच, केळीच्या वाड्या असलेल्यांपैकी. वाडी भावाकडे, काका फ्लॅटमध्ये. नोकरी वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. तयार झालेला प्रत्येक काटा काकांच्या टेबलावर यायचा आणि काका एकच शब्द बोलायचे, पास किंवा रिजेक्ट. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण शिक्के डोक्यात तसेच राहिले. पुतणीला बघायला आलेल्या एका मुलाला त्यांनी नापास केलं, कारण तो दार लावताना आवाज करतो. काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. त्यामुळे परीक्षा घ्यायला त्यांना दिवसभर वेळ असतो.

मी बँकेत आहे, आणि रविवारी घरी ब्लाउज, परकर, पडदे असं काहीबाही शिवते. एका रविवारी काका वही घेऊन दारात उभे.

‘‘वैशाली, पँटीच्या कमरेला कापडाचे किती थर असतात?’’

‘‘चार तरी असतातच. मध्ये अस्तराची पट्टी असली तर आणखी एक. का हो?’’

त्यांनी लिहून घेतलं. ‘‘शिलाई मशीन घ्यायचंय. लहान. एका हातात उचलून बसने नेता येईल असं. तू तज्ज्ञ.’’

‘‘कुणासाठी?’’

‘‘मशीन आधी, माणूस नंतर,’’ असं म्हणून काका जिना उतरले.

आता सांगा, उत्सुकता कशी आवरायची? ज्या माणसाने आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नाही, त्याला मशीन कशाला? आणि ते बसने कुठे न्यायचंय? समोरच्या नाडकर्णीबाईंनी एक माहिती पुरवली. काका दर रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून सांडोरच्या बाजूची बस पकडतात. माझ्या नवऱ्याने पेपरमधून डोकं वर काढलं. ‘‘सोपं आहे. तिकडे कुणीतरी शिवणकाम करणाऱ्या बाई असणार. काका लग्न करतायत.’’ मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

पुढच्याच शनिवारी आम्ही दुकानं फिरायला लागलो. काकांनी आपल्या एका जुन्या पँटीची कंबर कापून तिची पट्टी पिशवीत घेतली होती. ही प्रश्नपत्रिका.

पहिल्या दुकानातल्या बाईंनी गुलाबी रंगाचं, डब्याएवढं मशीन पुढे केलं. ‘‘काका, बघा किती क्यूट! बॅटरीवर पण चालतं.’’ काकांनी ते तळहातावर घेतलं, खूश झाले. मग पट्टी खाली सरकवली. साध्या कापडावर मशीन भुरुभुरु धावलं, कमरेच्या थरांवर चढताना कण्हलं आणि सुई मोडून थांबलं.

‘‘रिजेक्ट,’’ काका म्हणाले, पण मायेने. ‘‘जीव लहान आहे बिचाऱ्याचा. रुमाल शिवायला ठीक.’’

दुसऱ्या दुकानात मशीनला पडदा होता आणि बटणं दाबली की नक्षी निघायची. विक्रेता फुलं, पानं करत करत बदकांच्या रांगेपर्यंत पोचला. ‘‘मला बदक नको,’’ काका म्हणाले. ‘‘मला कंबर पाहिजे.’’ विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तिसरं मशीन बिडाचं होतं. त्याने पट्टी लोण्यासारखी शिवली. काकांनी ते उचललं, दुकानाच्या दारापर्यंत नेलं आणि तिथेच ठेवून पाच मिनिटं खांदा चोळत बसले.

असं महिनाभर चाललं. माझ्या लक्षात आलं की काकांची परीक्षा दिसते तितकी वेडी नाही. लहान मशीन घेणारे आपण सगळे वजन तरी बघतो नाहीतर नक्षी तरी. काका एकच बघत होते, ज्या कामासाठी घ्यायचं ते काम ज्या जागी करायचं, तिथे हे करेल का? फक्त ते काम कुठलं आणि जागा कुठली, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी विरारच्या एका दुकानात ते मशीन भेटलं. पांढरं, साधं, ना फार मोठं ना फार लहान, वर धरायला मूठ. दुकानाच्या शेठनी पुढचा एक तुकडा ओढून काढला आणि खाली मशीनचा फक्त एक अरुंद हात उरला. ‘‘देखो काका, बाही, पँटचा पाय, जे गोल असेल ते यात ओवायचं.’’ काका वाकून त्या हाताकडे बघतच राहिले. पट्टी सरकवली. मशीन जरा घुटमळलं आणि चारी थर ओलांडून गेलं. आवाजही बेताचा.

‘‘आता चालून बघतो,’’ म्हणत काकांनी मशीन उचललं आणि ते दुकानाबाहेर पडले. शेठ मागोमाग धावले. मी शेठच्या मागे. काका बसस्टॉपवर पोचले, तेवढ्यात बस आली आणि काका चढले! शेठही चढले. मीही. एक स्टॉप काका मशीन मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते आणि शेठ दांड्याला लोंबकळत ‘‘अहो काका, दुकान उघडं आहे माझं!’’ म्हणत होते.

काकांनी डोळे उघडले. ‘‘पास.’’

मी गेल्या आठ वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शेठना त्याची काहीच किंमत कळली नाही. ते परतीची रिक्षा शोधत होते.

मग तीन आठवडे माझ्या घरी शिकवणी चालली. काका दोरा ओवायला शिकले, बॉबिन भरायला शिकले, सरळ शिवण मारायला शिकले. प्रत्येक शिवण झाली की भिंग लावून बघायचे, स्वतःलाच ‘‘रिजेक्ट’’ म्हणायचे आणि उसवायला बसायचे. उसवण्यात त्यांनी माझ्यापेक्षा जास्त प्रावीण्य मिळवलं. चौथ्या रविवारी म्हणाले, ‘‘चल. माणूस दाखवतो.’’

बसमध्ये त्यांनी सांगितलं. माणसाचं नाव इनास, भुईगावचा. कारखान्यात काकांच्या शेजारच्या टेबलावर होता. काका काटा पास करायचे, इनास तो खोक्यात बांधायचा. बायको वारली, मुलगी परदेशात, आणि इनास आता सांडोरच्या पुढे चर्चच्या सिस्टर लोक चालवतात त्या वृद्धाश्रमात. कारखान्यात पँटीची घडी मोडू नये म्हणून दिवसभर उभा राहणारा हा माणूस. गावच्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभं राहून गाणारा. आजारपणात तो वाळत गेला आणि त्याच्या पँटी घसरायला लागल्या.

‘‘तीन महिने झाले, खोलीबाहेर येत नाही. मिस्सेला, म्हणजे त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेला पण जात नाही. सिस्टरना वाटलं, मन खचलं. मला एकट्याला खरं सांगितलं त्याने. म्हणाला, दत्ता, गाताना हात सोडावे लागतात.’’

‘‘मग बेल्ट?’’

‘‘बेल्टने चुण्या पडतात. पोत्यासारखा दिसतो म्हणतो.’’

‘‘नवी पँट?’’

‘‘आणली होती. घातलीच नाही. एक जुनी टेलरकडे दिली, ती यायला पंधरा दिवस लागले. तोवर हा आणखी दोन बोटं आटलेला. म्हणून म्हटलं, मशीनच त्याच्यापाशी गेलं पाहिजे.’’

मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिले. नवऱ्याला घरी गेल्यावर काय सांगायचं, याचा विचार करत होते.

इनासमामा खाटेजवळ उभे होते. उंच, दाढी घोटलेली, शर्ट पांढराशुभ्र. उजवी मूठ कमरेशी, पँट धरून. काकांनी खिडकीखालच्या टेबलावर मशीन ठेवलं.

‘‘दत्ता, तू शिवणार?’’ मामा हसले. ‘‘अरे, जन्मभर दुसऱ्याचं काम नापास करत आलास. स्वतः कधी खिळा तरी ठोकलास?’’

‘‘गप उभा राहा. हात वर कर.’’

काकांनी टाचण्या लावल्या. मामा चादर गुंडाळून खाटेवर बसले, पँट मशीनवर गेली. तेवढ्यात आश्रमातल्या छोट्या चर्चची, चॅपेलची घंटा झाली. मिस्सा सुरू व्हायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, ‘‘काका, मी मारते शिवण, लवकर होईल.’’ त्यांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी चुरीकाकांना घाई करताना बघत होते. जीभ दातांत धरलेली, भिंग खिशातच.

शिवण वाकडी झाली. पाठीमागे चांगलीच डावीकडे गेली होती. मला दिसलं, काकांनाही दिसलं. त्यांनी दोरा तोडला आणि पँट मामांच्या हातात दिली.

मामांनी ती चढवली, हुक लावला. हळूच मूठ सोडली. मग दोन्ही हात लांब करून बघितले, खाली टाकले, पुन्हा लांब केले. ‘‘येतो,’’ म्हणाले आणि व्हरांड्यातून निघाले. दोन्ही हात मोकळे.

थोड्या वेळाने चॅपेलमधून गाणं ऐकू आलं. त्यात एक थरथरता, पण सुरात असलेला आवाज होता. काका टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत होते. एक खाली पडला, तो उचलायला वाकले तेव्हा त्यांचा शर्ट वर सरकला. मी बघितलं. त्यांच्या पट्ट्याला घरीच खिळ्याने पाडलेली तीन भोकं होती, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक पार मागच्या खिशापर्यंत गेलं होतं. पट्ट्याखाली कापडाच्या चुण्याच चुण्या.

‘‘काका, ही कधीपासून अशी?’’

त्यांनी घाईने शर्ट खाली ओढला. ‘‘होईल तेवढी चालते.’’

‘‘काढा. ती चादर घ्या. मी तोंड फिरवते.’’

मग चादरीची सळसळ झाली आणि माझ्या खांद्यावरून पँट पुढे आली.

‘‘किती आत घेऊ?’’

‘‘चार बोटं. मोजलंय मी.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘कुणाला?’’ काकांनी विचारलं. तक्रार नव्हती. ते खरंच विचारत होते.

मी कंबर उसवली, खुणा केल्या आणि आतलं जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली.

‘‘माया कापू नकोस, वैशाली,’’ काका मागून म्हणाले. ‘‘राहू दे आत. कधी सैल करावी लागली तर.’’

मी कात्री खाली ठेवली आणि चारही बोटं कापड तसंच आत दुमडून शिवण मारली.