बॅटरीचं पाणी आणि राणीछाप रुपया

शेजारच्या अण्णांकडे स्कूटर नव्हती, कार नव्हती, वीज गेली तर इन्व्हर्टरसुद्धा नव्हता. तरी कोपऱ्यावरच्या गॅरेजातून ते बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणायचे, तोही कापडी पिशवीत लपवून. जयनगरातल्या आमच्या वठारात, म्हणजे बैठ्या चाळीत, घरं एकमेकांना चिकटलेली. कुणी कोथिंबिरीची जुडी आणली तरी सगळ्यांना कळते. संशय येणारच.

"म्हातारा दारू गाळतो," असं आमच्या ह्यांचं मत पडलं. मी अण्णांच्या खिडकीसमोर तांदूळ निवडायला बसू लागले.

अण्णा टेबलावर टॉवेलची घडी पसरायचे, वाटीत ते पाणी ओतायचे, त्यात एक जुनं नाणं सोडायचे आणि टक लावून बसायचे. मध्येच उठून दाराची कडी तपासायचे. मग नाणं कडेला धरून उचलायचं, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यावर ठेवायचं, वरून दुसरा तुकडा अलगद दाबायचा. पुसायचं मात्र नाही. एकदा मान वर न करताच ओरडले, "सुमन, तांदूळ कधीच निवडून झालेत. काय हवंय?"

मी सूप तिथेच टाकून आत पळाले.

अण्णांची थोरली बहीण गंगक्का त्यांच्याकडेच राहायची. विधवा, अंथरुणाला खिळलेली. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. एकदा मी गंगक्कांसाठी उपीट घेऊन गेले, तर अण्णा दारात आडवे.

"आधी हात दाखव!"

जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेली. तिकीट मागावं तसे हात मागायचे. माझी बोटं हुंगली.

"लिंबू!"

"उपिटावर पिळलंय, अण्णा."

"तेच म्हणतो मी. स्वल्प लांब उभी राहा."

लिंबू, चिंच, रांगोळी आणि स्वच्छतेची आवड असलेल्या बायका, हे त्यांचे शत्रू. "चोर परवडला," ते म्हणायचे. "नाणं नेतो, पण जसंच्या तसं नेतो. तुम्ही घासता! घासलं की वरची कातडीच जाते. चकाकतं छान, पण जाणकार हातात धरत नाही." नळाच्या पाण्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. "कावेरीचं म्हणून बोअरचं सोडतात. खार बसतो." बॅटरीच्या पाण्यात खार नसतो, म्हणून तो कॅन. त्यात मळ सुटला तर सुटला, नाही तर राहू दे. "डाग चालेल, ओरखडा नको."

सगळ्यांत जपलेला होता एक राणीछाप चांदीचा रुपया. तो गंगक्कांचा. लहानपणी लक्ष्मीपूजनाला आईने त्यांच्या हातावर ठेवलेला. तेव्हा दर दिवाळीला त्या तो चिंचेने लख्ख घासायच्या. पुढे भावाकडे राहायला आल्या आणि सांभाळायला त्याच्याकडे दिला. तेव्हापासून अण्णांनी त्याला कुणाचं बोट लागू दिलं नाही. हळूहळू त्यावर मोराच्या मानेसारखा निळा-काळा रंग चढला.

"घासल्याची जखम भरलीय बघ," ते मला लांबूनच दाखवायचे. "मागणारे येतात. देत नाही. अक्काचा आहे."

मग गंगक्कांना विसर पडू लागला. यंदा दिवाळीच्या तोंडावर मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा त्यांनी रुपया मागितला. अण्णांनी हौसेने आणून दिला. गंगक्कांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा माझा नव्हे. माझा चमकत होता. तू बदललास."

"अक्का, तोच गं."

"चोरा! आईला सांगते. हात दाखव!"

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. गंगक्कांनी तळवे पाहिले, मुठी उघडून पाहिल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही अण्णांच्या हातचा घास घेईनात. मी भरवलं तेव्हा खाल्लं. अण्णा दाराशी उभे होते.

संध्याकाळी ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले. मूठ बंद होती.

"चिंच आहे का?"

परीक्षा घेतायत असं मला वाटलं. "नाही, अण्णा. आम्ही वापरतच नाही," मी म्हणाले. गॅसवर चिंचेचं सार खदखदत होतं.

"खोटं बोलू नकोस. दे घासून. मला येत नाही."

"अण्णा, इतक्या वर्षांचा रंग जाईल."

"सरी, चालेल. जाऊ दे."

मी मोरीत बसून घासू लागले. ते पाठ फिरवून उभे राहिले. "कडेला धर," सवयीने बोलून गेले. रुपया लख्ख झाला. तो घेऊन निघताना अण्णांनी माझ्या वाटीतला चिंचेचा चोथा उचलला आणि स्वतःच्या दहाही बोटांना चोळला. मला ते कळेना. मी मागोमाग गेले.

गंगक्कांनी रुपया डोळ्यांजवळ नेला. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"हाच. कुणी घासला?"

"मी," अण्णा म्हणाले.

"हात दाखव."

अण्णांनी हात पुढे केला. गंगक्कांनी तो नाकाशी धरला, नीट हुंगला आणि रुपया उशीखाली सरकवला.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "भात कालव."

अण्णा हात न धुताच ताटाशी बसले.