भिंगारदिवे सरांचे फुकट ग्राफ

भिंगारदिवे सर लग्नात आहेर म्हणून ग्राफ द्यायचे. माझ्या लग्नात त्यांनी साखरेचा दिला, संसार गोड व्हावा म्हणून. गुंडाळी उलगडून सासूबाई घाबरल्याच. त्यांना वाटलं, सुनेचा ईसीजी!

नगरच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, सर रसायनशास्त्र. नव्वदनंतर त्यांच्याकडे एक यंत्र आलं. पदार्थ खलात कुटायचा, चकती करून यंत्रात ठेवायची. तिच्यातून न दिसणारे किरण जातात आणि कागदावर रेघ उमटते. प्रत्येक पदार्थाच्या रेघेतले खड्डे निराळे. सात वेळा ऐकल्यावर मला एवढं कळलं.

"मॅडम, ग्राफ कपाटात ठिवला की मेला. वाटायचा!" हे त्यांचं पालुपद. प्रत्येक ग्राफच्या झेरॉक्स ते जिल्ह्यातल्या कॉलेजांना पाठवत. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड आणि चिठ्ठी: 'फुकट वापरा. चूक दिसल्यास कळवा.' चार वर्षांत एकही कार्ड परत आलं नाही. तरी रोज अकराला शिपायाला विचारणं चालूच, "काय रं, टपाल?" विचारताना बघायचे मात्र खिडकीबाहेर.

मग त्यांनी कॉम्प्युटरला ग्राफ ओळखायला शिकवायचं मनावर घेतलं. शेजारी बसून चक्क शिकवणी. "हे ॲस्पिरिन. ध्यानात ठेव. परत इसरलास?" शेवटी गडी त्यांचे सगळे ग्राफ धडाधड ओळखू लागला. प्राचार्यांनी मुद्दाम पुण्याहून ॲस्पिरिनचा ग्राफ मागवला. कॉम्प्युटर म्हणाला, 'ओळखत नाही.'

"पुण्याचं ॲस्पिरिन बिघडलंय!" सरांनी निकाल दिला.

आणि त्याच आठवड्यात जामखेडच्या एका शिक्षकाचं कार्ड आलं. 'सर, तुमच्या प्रत्येक ग्राफमध्ये एकाच जागी एक जादा खड्डा आहे. खलात आणखी काही कुटता का?'

कुटत होते. चहाची वेलची! रोज, त्याच खलात. बिचारा कॉम्प्युटर वेलचीसकटच शिकला होता.

कार्ड नाचवत सर थेट माझ्या वर्गात घुसले. "चुकलंय! समदं चुकलंय!" मुलं खदखदून हसली. मी सरांना बाहेर नेलं आणि समजूत घालू लागले, कारण त्यांचे डोळे भरले होते.

"अहो, वाईट कुठं वाटतंय? चार वर्षं वाटत हुतं, मी भिंतीशी बोलतोय. ह्या मानसानं एकूणएक ग्राफ वाचलाय, मॅडम. एकूणएक!"

त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, पेन उघडलं आणि थबकले.

"मॅडम, तुमी मराठीच्या. वळख न्हाई, पाळख न्हाई... पर 'प्रिय मित्र' लिवलं तर चालंल का हो?"