सहाशे चाळीस पानांचा वेंधळा

प्रूफवाल्या काकांच्या नजरेतून बत्तीस वर्षांत एकही चूक सुटली नव्हती. महिनाअखेरीला निवृत्त होताना पाटी अशीच कोरी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. तर नेमकी शेवटी सहाशे चाळीस पानांची रहस्यकथा वाट्याला आली. तिचा नायक आपल्या भागीदाराच्या खुनाची हकिकत स्वतःच सांगत होता, आणि काकांच्या मते हा माणूस भलताच वेंधळा होता.

"पान चाळीसवर छत्री काळी, दोनशेबारावर तपकिरी!" काका घरी बायकोपुढे करवादले. "खून झाला तेव्हा म्हणे घरी झोपला होता. मग पुलावरचा गार वारा याला कसा लागला?"

"अहो, खोटं बोलत असेल तो," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"सगळी गोष्ट तोच सांगतोय. तो कशाला खोटं बोलेल?"

काकांनी लाल पेन उघडलं. विसंगती दिसली की परस्पर दुरुस्त करायची, लेखकाला त्रास द्यायचा नाही, असा छापखान्याचा शिरस्ताच होता. त्यांनी छत्री काळी केली. पूल खोडून तिथे खिडकी घातली, वारा तेवढा राहू दिला.

रहस्य फुटू नये म्हणून लेखिकेने शेवटचं प्रकरण स्वतःजवळ ठेवलं होतं. ते छपाईच्या दिवशी सकाळी आलं. काकांनी ते वाचायला घेतलं. इन्स्पेक्टर नायकाला विचारत होता, "काळी छत्री तपकिरी कशी झाली? घरी झोपलेल्याला पुलावरचा वारा कसा लागला?" त्या विसंगतींवरच खुनी पकडला जात होता, आणि काकांनी तर त्याला धुतल्या तांदळासारखा करून ठेवला होता.

गप्प बसलं असतं तर निवृत्त होईपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. पण तो काकांचा पिंडच नव्हे. ते तडक मालकांकडे गेले.

"काका, जाता जाता खुनी सोडवलात की हो!" मालकांनी कपाळावर हात मारला आणि लेखिकेला बोलावून घेतलं.

लेखिका आली, लाल खुणांची पानं पुन्हा पुन्हा उलटू लागली. काका मान खाली घालून उभे होते. बत्तीस वर्षांवर बोळा फिरला, याचं त्यांना खरंच रडू येत होतं. मालक चहा सांगायला बाहेर गेले, तसा तिने आवाज खाली आणला.

"काका, एकूण किती दुरुस्त्या केल्यात?"

"एकोणीस. चुकलो, मॅडम. सगळ्या पूर्ववत करून देतो."

"सगळ्या नको!" ती घाईने म्हणाली. "मी मुद्दाम चुका अकराच पेरल्या होत्या."

काकांनी मान वर केली. "मग उरलेल्या आठ?"

लेखिकेने दाराकडे पाहिलं. "त्या असू द्या तशाच. आणि कुठे बोलू नका, प्लीज. माझ्या पुढच्या पुस्तकाला मात्र तुम्हीच हवेत."

तेवढ्यात मालक आत आले. "काय मॅडम, फार घोळ झालाय का? किती जागी पेन चालवलंय काकांनी?"

लेखिकेने लाल खुणांची पानं घाईने मिटली. काकांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"अकरा," ते म्हणाले. "चुका सगळ्या माझ्याच."