झुंबररावांनी नियम लावला

"माणूस चुकतो, यंत्र चुकत न्हाय! एकदा नियम लावून दिला की मालकानं खुशाल पंख्याखाली झोपायचं!" इंदापुरातले फोटोवाले झुंबरराव बायकोला ऐकवत होते, आणि प्रयागबाई शेंगदाणे निवडत नुसतं "व्हय का" म्हणत होत्या.

तीस वर्षं झुंबररावांनी पंचक्रोशीतली लग्नं टिपली. सगळी एका साठवणीच्या यंत्रात कोंबलेली. ते यंत्र आता उसाच्या ट्रॉलीसारखं शिगोशीग भरलं होतं आणि रोज 'जागा संपली' म्हणून बोंबलत होतं. म्हणून त्यांनी नियम लावला, पाच वर्षांपेक्षा जुनी फाइल दिसली की आपोआप पुसायची.

"आन जुन्या माणसांची लग्नं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"ज्याची त्याला दिलीत की! आपण का जपायची? आन तुझा त्यो डबाबी टाकून दे."

प्रत्येक लग्नाचं कॅमेऱ्यातलं कार्ड चिठ्ठी लावून डब्यात ठेवायची प्रयागबाईंना सवय. त्यांनी डबा मुकाट्यानं फळीवर मागं सरकवला.

आता गंमत बघा! झुंबररावांच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ कधीच बिघडलं होतं. परवाच्या लग्नावरसुद्धा कॅमेरा सन दोन हजारची तारीख टाकायचा. उलट जुन्या कॅसेटी त्यांनी गेल्या दिवाळीत यंत्रात उतरवलेल्या, म्हणजे यंत्राच्या लेखी त्या अगदी ताज्या! यंत्र बिचारं इमानी. त्यानं नवीकोरी लग्नं पुसली आणि म्हातारी लग्नं जपली.

झुंबररावांना ह्याचा पत्ताच नाही! रविवारी जळोचीला विजयसिंहांच्या घरी त्यांच्या मुलाच्या, ऋतिकच्या, लग्नाचा व्हिडिओ दाखवायचा होता. नवी सून उत्कर्षा मोरगावची. पाय मोडल्यामुळं तिच्या आजीला लग्नाला येता आलं नव्हतं, म्हणून आज आजीला खास गाडी करून आणलेलं. पोरीनं ह्या दिवसाची दोन महिने वाट बघितली होती. झुंबररावांनी यंत्रात 'जळोची, विजयसिंह' शोधलं, जे निघालं ते न बघताच पेनड्राइव्हवर घेतलं आणि थाटात निघाले.

जेवणं उरकली. सासूबाई राजलक्ष्मी पाहुण्यांना सांगत होत्या, "सून गुणाची हाय हो, पन उखाणा काय धड जमला न्हाय. बघालच आता. आमच्या येळंला आमी नाव घ्यायचो तर सगळा मांडव कान देऊन ऐकायचा!" उत्कर्षा मान खाली घालून बसली.

टीव्ही लागला. सनई वाजली. ट्रॅक्टरवर बसून नवरदेव आला. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांची!

"ह्यो कोन?" मोरगावच्या आजी दचकल्या. "आपला जावई असा हाय?"

"अवो, ह्यो तर मी हाय!" विजयसिंह ओरडले.

"तात्या, माझं लग्न कुठं हाय?" उत्कर्षा झुंबररावांकडं बघून रडायलाच लागली. "आजी एवढ्या लांबून आलीया!"

झुंबरराव टीव्ही बंद करायला धावले, तशा विजयसिंहांच्या आई गोजरबाई कडाडल्या, "झुंबर, हात लावू नको!"

ट्रॅक्टरपुढं गोजरबाईंचे मालक, रामहरीआबा, नाचत होते. फेटा सुटून गळ्यात आलेला, तरी थांबायचं नाव नाही. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. "बघा कसं नाचतंय येड्यावानी," म्हणत म्हातारी हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. मग कुणाला दारातलं लिंबाचं झाड दिसलं, कुणाला आपलीच फ्रॉकातली बहीण दिसली. झुंबररावांच्या मनात आलं, हे सगळं आपणच टिपलं, आणि आपणच पुसायला निघालो होतो!

त्यांनी अंगणात जाऊन घरी फोन लावला. "अगं, त्यो डबा टाकलास का गं?"

"तुमीच म्हनला व्हता ना, टाकून दे."

"आरं देवा! आता ह्यांना काय दाखवू?"

"पन मी कधी ऐकलंय का तुमचं?" प्रयागबाई म्हणाल्या. "ऋतिकचं कार्ड हाय. घिऊन यिऊ, का तुमचं यंत्रच येतंय?"

झुंबरराव आत आले तर घरात हशा पिकला होता! टीव्हीवर सत्तावीस वर्षांपूर्वीच्या राजलक्ष्मीबाई उखाणा घेत होत्या. "हिरव्या हिरव्या रानात..." म्हणून अडल्या. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडल्या. तिसऱ्यांदा घाबरून घाईघाईत नाव घेतलं, तेही धाकट्या दिराचं! मांडव खरोखरच कान देऊन ऐकत होता.

"मामा, परत लावा ना!" मघाशी रडणारी उत्कर्षा आजीच्या गळ्यात पडून हसत होती. विजयसिंहांनी चारदा लावलं.

संध्याकाळच्या एसटीनं प्रयागबाई डबा घेऊन आल्या. कार्ड लागलं, आजीनं नातीचं लग्न डोळे भरून बघितलं, उत्कर्षाचं तोंड उजळलं. झुंबररावांनी देवाला हात जोडले, मग बायकोकडं बघून जरा चोरूनच जोडले.

निघताना फाटकाशी राजलक्ष्मीबाईंनी त्यांना गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि हळूच विचारलं,

"झुंबरराव, त्यो तुमचा आपोआप पुसायचा नियम... अजून चालू हाय का?"