तीनपैकी कुठल्याही दोन

हेडक्लार्कसाहेबांनी बोनस क्रिप्टोत घातला, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. (गिटार आणि योगासनं यांतून साहेब सुखरूप परत आले होते.) पण पैसे दुप्पट झाले आणि साहेबांना मोटरसायकलची स्वप्नं पडू लागली. लाल, दणदणीत आवाजाची.

आता पैसे सांभाळायचे कसे? ज्या माणसाने तीस वर्षं तीन सह्यांशिवाय टाचण्यांची डबीसुद्धा मंजूर केली नाही, तो एका किल्लीवर कसा विसंबणार? किल्ली म्हणजे फोनमधला एक लांबलचक गुप्त आकडा. तो ज्याच्याकडे, त्याचीच सही चालणार. त्यात पैशांना स्क्रिप्ट नावाची अट जोडता येते हे कळल्यावर तर साहेब हरखलेच. त्यांनी तीन किल्ल्या केल्या: स्वतःची, बायकोची आणि आईची. अट अशी, की तीनपैकी कुठल्याही दोन सह्या झाल्या की पैसे हलतील.

"आणि आम्ही दोघींनीच सह्या केल्या तर?" बायकोने विचारलं.

साहेब पोट धरून हसले. बावीस वर्षांत या सासू-सुनेचं पंख्याच्या वेगावरही एकमत झालं नव्हतं. आपल्यावाचून पान हलणार नाही, याची त्यांना खात्री होती. उलट मोठ्या मनाने त्यांनी दोघींना सही करायलाही शिकवलं. दोनदा. (आईने वहीत उतरवून घेतलं.)

शनिवारी शोरूममध्ये लाल मोटरसायकलवर बसून साहेबांनी ऐटीत फोन उघडला. शिल्लक शून्य! घामाघूम होऊन ते घरी धावले.

"चोरी झाली! सगळे पैसे गेले!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "आम्हीच हलवले. मोजे घालायला वाकता येत नाही, आणि म्हणे फटफटी हवी!"

"नवीन कुलूप केलंय," बायको म्हणाली. "किल्ल्या दोनच. एक आईंची, एक माझी. दोन्ही सह्या लागतात."

"आणि माझी किल्ली?"

"चालते की अजून, जुन्या कुलपाला. आत काही नाही, एवढंच."

साहेबांनी मनात हिशेब केला. आता या दोघींचं बिनसलं, की पैसे जन्मभर अडकले!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पातेल्याच्या झाकणावरून आवाज चढले. साहेब दाढीच्या फेसासकट धावले.

"आई, हिचं बरोबर आहे. म्हणजे, तुझंही बरोबरच आहे..."

दोघी गर्रकन वळल्या आणि एका सुरात कडाडल्या, "आमच्यात कुणी पडायचं नाही!"

चला, एकमत शाबूत होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.