सातवा शेंगदाणा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले दामलेकाका सात-आठ वर्षांच्या पोरांना समस्थानिकं, म्हणजे आयसोटोप, शिकवतात. तेही मोदकांतून. शहाडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला हा माणूस दर रविवारी कणकेचे मोदक वळतो. प्रत्येकाला मोजून सहा कळ्या, म्हणजे प्रोटॉन. आत भाजके शेंगदाणे, म्हणजे न्यूट्रॉन; कुणात सहा, कुणात सात, कुणात आठ.

"कळ्या किती?"

"सहाऽऽ!"

"मग नाव काय?"

"कार्बन!"

"आता फोडा. दाणे कमीजास्त निघाले, म्हणून नाव बदललं?"

"नाऽऽही!"

"शाब्बास. नाव तेच, घर तेच, वजन तेवढं वेगळं."

हे शेवटचं वाक्य काका भाजीवाल्यालाही ऐकवतात.

"काका, अहो ह्यांना अजून पाढे येत नाहीत," मी एकदा म्हणालो.

"तुला येतात?"

मी विषय बदलला.

गेल्या महिन्यात काकांचा हात थरथरायला लागला, म्हणून मोदक मिटायला मला बोलावलं. पाऱ्यांत दाणे त्यांनीच घालून ठेवलेले. काकांचा धडा मी गॅलरीतून शंभरदा ऐकलेला, पण डोक्यात शिरलेला नव्हता. मला वाटलं, हात हलल्यामुळे म्हाताऱ्याची मोजणी चुकली. मी मोठ्या मनाने सगळीकडे सहा-सहा केले. उरलेले खाल्ले.

वर्गात मोदक फुटले. "काका, सगळ्यांत सेमच आहेत!" एक चिमुरडी ओरडली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"जास्तीचे होते ते काढून टाकले," मी छाती फुगवून म्हणालो.

पोरं खिदळली. काका नाही हसले.

पोरं गेल्यावर ताटाला चिकटलेली कणीक खरवडत म्हणाले, "आमच्या मीनूतही, माझ्या लेकीत, एक जास्तीचं होतं रे. गुणसूत्र. जन्मापासून. खाली खेळायला गेली की पोरं म्हणायची, ही आपल्यातली नाही. त्यांच्या आया ऐकायच्या, गप्प बसायच्या. मीही वरून ऐकायचो. पोरांना कसं समजवावं, ते सुचेपर्यंत ती पोरं मोठी झाली. मीनू गेली." ताट बाजूला ठेवत म्हणाले, "म्हणून ह्यांना लवकर सांगतो. पाढे काय, पुढे येतात."

मी उरलेल्या कणकेची पारी केली, मोजून सात दाणे घातले, मिटली. कळ्या पाचच जमल्या.

काकांनी मोदक हातात घेऊन फिरवला. "पाच म्हणजे हा बोरॉन झाला," म्हणाले.

पण काकांनी तो मोडला नाही.